प्रशिक्षणवर्गात लॅपटॉप केव्हा उघडावा

शिक्षक, ग्रंथपाल, बँकेतील कर्मचारी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक अशा नोकरीत स्थिरावलेल्या प्रौढांसाठी जे अल्पमुदतीचे प्रशिक्षणवर्ग भरतात, त्यांत प्रथम लॅपटॉप आणि पाठोपाठ समाजमाध्यमे इतक्या सहजपणे शिरली, की त्यांचा तेथे नेमका उपयोग कोणता, हा प्रश्न विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. भिंतीवर प्रोजेक्टरची चौकट उमटते, तज्ज्ञ मार्गदर्शक एकामागून एक स्लाइड दाखवतात, समोरच्या काहींचे लॅपटॉप उघडे असतात, उरलेल्यांच्या हातात मोबाइल असतो आणि वर्ग सुटण्यापूर्वी सर्वांना एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतले जाते; एवढ्यावरून त्या प्रशिक्षणाला परस्परसंवादी म्हणण्याची प्रथा पडली आहे. शिक्षणशास्त्रात मात्र या संज्ञेचा अर्थ याहून काटेकोर आहे. शिकणाऱ्याने काही कृती करावी, त्या कृतीतून त्याला काय उमगले आणि काय उमगले नाही हे शिकवणाऱ्यापर्यंत तेथल्या तेथे पोहोचावे, आणि शिकवणाऱ्याचे पुढचे बोलणे त्यानुसार बदलावे, अशी साखळी पूर्ण झाली तरच त्याला संवाद म्हणता येते. वर्गातील प्रत्येक यंत्राची उपयुक्तता या साखळीवरच पारखावी लागते, आणि तशी ती पारखली तर लॅपटॉप व समाजमाध्यमे यांच्याबद्दलची उत्साही आणि विरोधी अशी दोन्ही टोकांची मते बरीच सौम्य होतात.

विरोधी मताला पुराव्याचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर टिपणे घेत एक व्याख्यान ऐकायला सांगितले आणि त्यांपैकी काहींना मधूनमधून व्याख्यानाशी संबंध नसलेली छोटी ऑनलाइन कामे दिली. व्याख्यानानंतरच्या चाचणीत ही जास्तीची कामे करणाऱ्यांचे गुण सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडले. याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष प्रयोगाच्या दुसऱ्या भागातून निघाला: ज्यांच्या हाती केवळ कागद आणि पेन होते, पण ज्यांच्या नजरेसमोर असा भरकटलेला पडदा होता, त्यांचे गुण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटले. म्हणजे पुढच्या रांगेत कोणी एकाने उघडलेले खरेदीचे पान मागच्या दोघातिघांचेही लक्ष खेचून घेते, आणि त्या लक्ष गमावणाऱ्यांना स्वतःचे काही चुकते आहे याची जाणीवही नसते. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाचे वर्ग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने तीन प्रकारांत विभागले गेले: काहींत लॅपटॉप व टॅब्लेट यांना मोकळीक, काहींत टॅब्लेट फक्त मेजावर सपाट ठेवण्याची मुभा, आणि काहींत संपूर्ण बंदी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मोकळीक असलेल्या आणि अंशतः मुभा असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या वर्गांचे अंतिम परीक्षेतील गुण बंदी असलेल्या वर्गांपेक्षा प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१८ पट कमी आढळले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप. फरक प्रचंड नाही, परंतु शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेत तो आढळला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

टिपणांच्या बाबतीत मात्र सावधगिरीने बोलावे लागते. लॅपटॉपवर टिपणे घेणारा माणूस वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत जातो आणि हाताने लिहिणाऱ्याला वेग कमी असल्यामुळे निवड करावी लागते, म्हणून हाताने लिहिणाऱ्याची समज अधिक खोल होते, असा निष्कर्ष २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी मांडला आणि तो जगभर गाजला. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा शब्दशः उतरवून घेण्याची प्रवृत्ती तशीच दिसली, परंतु चाचणीच्या गुणांतला फरक टिकला नाही. तेव्हा कळफलकामुळे समज उथळ होते असे ठामपणे म्हणता येत नाही. लक्ष फुटते एवढे मात्र नक्की म्हणता येते.

यावरून प्रशिक्षणवर्गासाठी निघणारा नियम सोपा आहे. लॅपटॉप ही वर्गाची कायमची अवस्था असू नये. तो ठरावीक कामासाठी, ठरावीक मिनिटांसाठी उघडावा, ते काम असे असावे की त्याचे उत्तर प्रशिक्षकाला लगेच दिसेल, आणि काम संपताच पडदा मिटवावा. प्रशिक्षकाने सूचना देतानाच हे उघडणे आणि मिटणे वेळापत्रकात लिहून ठेवले, तर प्रौढ प्रशिक्षणार्थींना ती सक्ती वाटत नाही. उलट ऐकण्याची वेळ कोणती आणि करण्याची वेळ कोणती हे स्पष्ट झाल्यामुळे त्यांना हायसेच वाटते.

आता प्रश्न उरतो तो ठरावीक काम म्हणजे कोणते काम, याचा. या बाबतीत सर्वांत अधिक अभ्यासलेली रीत हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून विकसित केली. तिला मराठीत सहाध्यायी-अध्यापन म्हणता येईल. प्रशिक्षक थोडा वेळ बोलतो आणि मग एक संकल्पना-प्रश्न पडद्यावर ठेवतो. संकल्पना-प्रश्न म्हणजे पाठ केलेल्या सूत्राने सुटणार नाही आणि ज्याचे चुकीचे पर्याय लोकांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांतून घेतलेले आहेत, असा बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येक जण प्रथम कोणाशीही न बोलता आपले उत्तर नोंदवतो, आणि उत्तरांची टक्केवारी प्रशिक्षकाला दिसते. बरोबर उत्तर देणारे एकतृतीयांशाहून कमी असतील, तर मूळ कल्पनाच पोहोचलेली नाही, म्हणून ती पुन्हा समजावावी. दोनतृतीयांशाहून पुष्कळ अधिक असतील, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. संख्या या दोहोंच्या दरम्यान असेल, तर मात्र शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायला सांगावे आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. या मधल्या अवस्थेत वर्गात बरोबर आणि चूक अशी दोन्ही मते पुरेशी असतात, म्हणूनच चर्चेला धार येते.

चर्चेत हुशार माणूस उत्तर सांगून टाकतो आणि बाकीचे ते उचलतात, अशी शंका येथे स्वाभाविकपणे घेतली जाते. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी आनुवंशशास्त्राच्या वर्गात तिचा तपास केला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी चर्चेनंतर पहिल्याच कल्पनेवरचा, पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. त्यातही उत्तरे सुधारलेली दिसली, आणि ज्या गटांत आरंभी कोणालाही बरोबर उत्तर माहीत नसावे अशा गटांतील विद्यार्थ्यांचीही सुधारली. बोलून दाखवताना आपल्या युक्तिवादातली फट माणसाला स्वतःलाच दिसते, आणि ही घटना शेजारी किती हुशार आहे यावर फारशी अवलंबून नसते. विज्ञान व अभियांत्रिकी शिक्षणातील २२५ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यातही अशा कृतिशील पद्धतींची बाजू भक्कम ठरली: केवळ व्याख्याने असलेल्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर कृतिशील वर्गांत २१.८ टक्के आढळले.

या रीतीत लॅपटॉपचे काम उत्तरे गोळा करण्यापुरते आहे, आणि ते काम इतर साधनांनीही होते, ही गोष्ट प्रशिक्षण आयोजित करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. भौतिकशास्त्राचे अध्यापक नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रे वापरणारा वर्ग आणि पर्यायांची अक्षरे लिहिलेले साधे पुठ्ठे वर करणारा वर्ग यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यंत्राचा फायदा नोंद राहण्यात आणि उत्तर गुप्त राहण्यात आहे. शिक्षणाचा गाभा प्रश्नात आहे. ज्या केंद्रशाळेत दहाच मोबाइल चालतात आणि विजेचा भरवसा नाही, तेथे प्लिकर्ससारखी सोय विशेष उपयोगी पडते: प्रत्येकाकडे एक छापील चौकोनी आकृती असते, ती ज्या बाजूने वर धरावी त्याप्रमाणे पर्याय ठरतो, आणि प्रशिक्षक एकट्याच्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सर्वांची उत्तरे टिपतो. मेंटिमीटर, कहूट, गुगल फॉर्म ही साधने तेच काम प्रत्येकाच्या पडद्यावरून करून घेतात. कहूटमध्ये वेगाला गुण असल्यामुळे वर्गात उत्साह येतो, पण विचार करून उत्तर देणारे मागे पडतात. संकल्पना-प्रश्नासाठी ते सोयीचे नाही, उजळणीसाठी चांगले आहे.

भारतात या विचाराला मोठ्या प्रमाणावर आकार देण्याचे काम पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत, म्हणजेच आयआयटी मुंबईत, झाले आणि मराठी वाचकांना ते जितके माहीत असायला हवे तितके माहीत नाही. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या प्रकल्पात देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांमध्ये दूरस्थ केंद्रे उभारली गेली, पवईतील व्याख्यान अमृता विद्यापीठाने तयार केलेल्या ए-व्ह्यू या प्रणालीद्वारे सर्व केंद्रांवर एकाच वेळी दिसे, आणि प्रत्येक केंद्रावरचा समन्वयक आधी पवईत येऊन तयार झालेला असे. व्याख्यानाला जोडून केंद्रावरच प्रत्यक्ष प्रयोगशाळेचे काम चाले. दूरचा तज्ज्ञ आणि जवळचा समन्वयक अशी कामाची ही विभागणी अतिशय शहाणपणाची होती, कारण पडद्यावरून ज्ञान पोहोचते, पण अडलेल्या माणसाच्या खांद्याशी उभे राहून त्याचा पडदा पाहणारा कोणीतरी लागतोच.

याच संस्थेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी विचार-जोडी-मांडणी या पद्धतीचा अभ्यास केला. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रश्नावर प्रथम प्रत्येकाने एकट्याने विचार करून लिहायचे, मग शेजाऱ्याबरोबर मिळून उत्तर पुढे न्यायचे आणि शेवटी ते सगळ्या वर्गापुढे मांडायचे असते. संगणक-प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या, शेकडो विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात निरीक्षकांनी ठरावीक अंतराने विद्यार्थी काय करीत आहेत याच्या नोंदी घेतल्या, आणि सरासरी ८३ टक्के विद्यार्थी दिलेल्या कामात गुंतलेले आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या वर्गात संवाद शक्यच नाही, ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी सबब या आकड्यापुढे टिकत नाही. तिन्ही टप्प्यांत प्रत्येक टप्प्याचे लेखी फलित मागितले जाते, हे त्या यशाचे कारण दिसते. केवळ शेजाऱ्याशी चर्चा करा असे सांगितले, तर चर्चा पहिल्या मिनिटातच घरगुती विषयांवर जाते, हा अनुभव बहुतेक प्रशिक्षकांच्या परिचयाचा आहे. याच गटाने पुढे ऑनलाइन प्रशिक्षणासाठी जी रचना केली, तिच्या चित्रफितींत मध्येच चिंतनबिंदू ठेवलेले असतात: वक्ता थांबतो, प्रश्न विचारतो, पाहणाऱ्याने चित्रफीत थांबवून उत्तर लिहायचे असते आणि मगच पुढचे ऐकायचे असते.

संगणकावरचे एखादे कौशल्यच शिकवायचे असेल, तर लॅपटॉप सतत उघडा राहणे अपरिहार्य असते, आणि अशा वर्गांसाठी पवईतूनच आलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आदर्श मानावा लागतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांच्या चित्रफिती असतात. त्यांत संगणकाचा पडदा जसाच्या तसा टिपलेला असतो आणि निवेदक प्रत्येक कृती करीत करीत ती सांगतो. संहिता आधी लिहिली जाते, तो विषय अजिबात न येणाऱ्या नवख्याकडून ती तपासून घेतली जाते, आणि तो जेथे अडखळेल तेथे ती दुरुस्त केली जाते. पडदा इंग्रजीतच राहतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत असते, त्यामुळे शिकणारा पुढे प्रत्यक्ष कामात जे इंग्रजी पर्याय पाहणार आहे त्यांच्याशी त्याची ओळख होते आणि समजण्यासाठी लागणारी भाषा त्याची स्वतःची राहते. चित्रफीत एका खिडकीत आणि प्रत्यक्ष आज्ञावली शेजारच्या खिडकीत उघडून, ऐकलेली प्रत्येक पायरी लगेच करून पाहायची, ही या प्रकल्पाची समांतर शिकण्याची रीत आहे. समोर प्रोजेक्टरवर प्रशिक्षक वेगाने क्लिक करीत जातो आणि मागच्या रांगा तिसऱ्या पायरीवरच अडकून पडतात, हे संगणक-प्रशिक्षणाचे जुने दुखणे यात उरत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या वेगाने थांबता आणि मागे जाता येते. या चित्रफिती आधी उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही वापरता येतात, आणि ही बाब किरकोळ नाही. चाळीस लॅपटॉपांनी एकाच वेळी एकच चित्रफीत पाहायला घेतली आणि प्रत्येकाला सेकंदाला दीड मेगाबिट लागले, तर ६० मेगाबिटांचा अखंड प्रवाह हवा. बहुतेक मोबाइलचा हॉटस्पॉट दहाच्या आसपासच जोडण्या सांभाळतो. ज्या प्रशिक्षकाने आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर साहित्य भरून ठेवले आणि एक्स्टेंशन बोर्ड मोजून घेतले, त्याचा पहिला तास वाया जात नाही.

मराठीतून होणाऱ्या वर्गांत आणखी एक अडचण येते, आणि तिच्याकडे आयोजक क्वचितच लक्ष देतात. ती म्हणजे टंकलेखनाची. सामायिक दस्तऐवजावर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी लिहिता येईल अशा ऑनलाइन पानावर, प्रत्येक गटाने आपले निरीक्षण मांडावे अशी कृती दिली जाते, आणि मोबाइलवर झरझर मराठी लिहिणारे शिक्षक लॅपटॉपसमोर येताच थबकतात. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळफलक-मांडणी आहे. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ती तर्कशुद्ध असली तरी सरावाशिवाय येत नाही. उच्चारानुसारी मांडणीत रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटते आणि ती पहिल्या दिवशीच वापरता येते. शाळा-कार्यालयांतील पुष्कळ जुन्या फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या निरर्थक चिन्हांची रांग म्हणून उघडतात. म्हणून पहिल्याच सत्रात अर्धा तास प्रत्येक लॅपटॉपवर मराठी कळफलक बसवण्यासाठी, ध्वनी-टंकलेखन दाखवण्यासाठी आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्यासाठी राखून ठेवला, तर पुढचे सर्व संवाद मराठीत होतात. नाही तर लोक एकतर रोमन लिपीत तुटक वाक्ये लिहितात किंवा गटातल्या एका इंग्रजी-सराईत सदस्याच्या हाती लॅपटॉप सोपवून मोकळे होतात. या दुसऱ्या शक्यतेत गटातल्या सर्वांत अनुभवी शिक्षिकेचे ज्ञान पानावर उतरतच नाही, आणि प्रशिक्षणाचे यापेक्षा मोठे नुकसान दुसरे नाही.

मराठी विकिपीडियाच्या संपादन-कार्यशाळा हे या सर्व घटकांचे बोलके उदाहरण आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ज्ञानकोशासाठी महाविद्यालयांत, विशेषतः २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास, कार्यशाळा होतात आणि त्यांत शिकणे व प्रकाशित करणे एकाच बैठकीत घडते. प्रशिक्षणार्थी प्रथम धूळपाटी या सरावाच्या पानावर लिहून पाहतो, मग खऱ्या लेखात एखादे वाक्य संदर्भासह जोडतो, आणि काही मिनिटांतच अन्य कोणी दूरचा संपादक ते सुधारतो किंवा काढून टाकतो. वर्गाबाहेरच्या, अनोळखी पण जाणत्या माणसाकडून असा प्रतिसाद मिळणे ही मोठी प्रेरणा असते, आणि ती कोणत्याही कृत्रिम स्वाध्यायात आणता येत नाही. परंतु एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, असा विकिपीडियाचा गैरवापर रोखण्यासाठीचा नियम आहे. महाविद्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात, त्यामुळे सातव्या माणसाचे खाते अडते आणि वर्गाची लय मोडते. खाती आदल्या दिवशी घरून उघडून घेणे किंवा सवलतीची आगाऊ विनंती करणे एवढा त्यावर उपाय आहे.

समाजमाध्यमांचे स्थान यापेक्षा वेगळे आहे. समाजमाध्यम म्हणजे वापरणारेच ज्यात मजकूर घालतात आणि एकमेकांना प्रतिसाद देतात असे माध्यम, या व्यापक अर्थाने व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामही त्यात येतात. व्याख्यान चालू असताना ग्रुपवर समांतर चर्चा चालावी, अशी एक कल्पना परिषदांतून लोकप्रिय झाली. बुजऱ्या माणसाला हात वर न करता शंका विचारता येते, हा तिचा खरा गुण आहे. मात्र प्रशिक्षणवर्गात बोलणे आणि वाचणे एकाच वेळी चालले, तर दोन्हींकडे अर्धेच लक्ष राहते, म्हणून शंका लिहिण्यासाठी दर अर्ध्या तासाने पाच मिनिटांचा विराम देणे आणि सहप्रशिक्षकाने त्या शंकांची वर्गवारी करून मोठ्याने वाचणे हे अधिक फलदायी ठरते. अमेरिकेत १२५ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरवर चर्चा, स्मरणसूचना आणि अभ्यासाची कामे चालवणाऱ्या गटाचा सहभाग आणि गुण तुलनेच्या गटापेक्षा अधिक आढळले. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामातून त्यामागची अट स्पष्ट झाली: माध्यमाचा वापर अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग असावा लागतो आणि शिक्षकाने स्वतः तेथे हजर राहून प्रतिसाद द्यावा लागतो. ग्रुप तयार करून त्यातून निघून जाणारा मार्गदर्शक या अटीत बसत नाही.

समाजमाध्यमाचे खरे सामर्थ्य वर्ग संपल्यानंतरच्या आठवड्यांत आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या क्लिक्स या उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराममधील सरकारी माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांसाठी टेलिग्रामवर विषयवार समूह चालवले गेले. आपल्या वर्गात केलेल्या कृतीचे छायाचित्र एखादा शिक्षक टाकतो, दुसऱ्या जिल्ह्यातला शिक्षक आपल्याकडे ती का फसली ते लिहितो आणि विषयतज्ज्ञ त्यावर प्रश्न विचारतो, असे आदानप्रदान चालू राहिले, की त्याला अभ्यासक-समुदाय म्हणतात. एकच काम करणाऱ्यांनी एकमेकांच्या कामातून शिकत राहण्याची ही व्यवस्था आहे. महाराष्ट्रातील केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदांमागे मुळात हीच कल्पना आहे आणि जवळपास प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सअॅप ग्रुपही आहे, परंतु त्या ग्रुपवर परिपत्रके, तातडीने मागवलेली माहिती, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभाताचे संदेश एकाच ओघात वाहतात. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून १०२४ सदस्य घेता येतात, पण संदेश केवळ आलेल्या क्रमाने लागतात, त्यामुळे सकाळी विचारलेला अपूर्णांकांविषयीचा प्रश्न दुपारपर्यंत नजरेआड होतो. प्रशासकीय ग्रुप आणि शैक्षणिक ग्रुप वेगळे ठेवणे, शैक्षणिक ग्रुप तीसचाळीस जणांचा ठेवणे, आठवड्याला एकच प्रश्न ठेवून उत्तर त्याच संदेशाला जोडून देण्याचा आग्रह धरणे, आणि शेवटी कोणीतरी साऱ्या उत्तरांचे एक पानी संकलन करणे, एवढे केले तर साधे माध्यमही पुरते.

आठवड्याच्या त्या प्रश्नाला स्मरणशक्तीच्या संशोधनाचाही आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की वाचलेला उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर ८१ टक्के आणि तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के भाग आठवत होता, पण आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के तर आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के उरला. म्हणून वर्गानंतर ग्रुपवर स्लाइडची पीडीएफ टाकून देणे हे पुन्हा वाचण्याला दिलेले निमंत्रण आहे, आणि वर्गात शिकलेल्या तीन पायऱ्या न पाहता ध्वनिसंदेशात सांगा असे म्हणणे हे आठवण्याला दिलेले निमंत्रण आहे. दुसरे अधिक टिकते.

समूह उभारताना सदस्यांच्या खासगीपणाचा विचार आधी झाला पाहिजे. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलेल्या प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक इतर सर्वांना दिसतो, आणि अनोळखी सहप्रशिक्षणार्थींकडून अवेळी येणाऱ्या संदेशांचा त्रास मुख्यतः स्त्रियांना होतो. संमती विचारून, लिंकद्वारे स्वतःहून प्रवेश घेऊ देणे आणि क्रमांक द्यायचा नसेल त्यांना ईमेल किंवा मूडलसारख्या अभ्यास-व्यवस्थापन प्रणालीचा पर्याय ठेवणे हे आयोजकांचे कर्तव्य आहे. शिक्षकांनी वर्गातील कृतींची छायाचित्रे टाकताना मुलांचे चेहरे आणि नावे वगळावीत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि कायदा नसता तरी मुलांच्या चेहऱ्यावर शिक्षकांचा तसा हक्क नसतोच.

अशा वर्गांचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न शेवटी येत असला तरी त्याचे उत्तर साऱ्या रचनेवर परिणाम करते. बहुतेक प्रशिक्षणे समारोपाच्या वेळी भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकावर तोलली जातात. हार्वर्डमध्ये लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकच साहित्य काही वेळा सफाईदार व्याख्यानातून आणि काही वेळा कृतिशील पद्धतीने शिकवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कृतिशील वर्गातले विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. डोक्याला होणारा ताण त्यांना अपयशासारखा भासतो आणि ओघवते व्याख्यान समजल्यासारखे वाटते. अभिप्राय-पत्रकावर विसंबणारी संस्था त्यामुळे हळूहळू उत्तम वक्त्यांना बोलावू लागते आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रशिक्षकांना वगळू लागते. या संशोधकांनीच सुचवल्याप्रमाणे वर्गाच्या आरंभी हा भास समजावून सांगितला, तर त्याचा जोर कमी होतो. त्याबरोबर पहिल्या दिवशी विचारलेले पाच संकल्पना-प्रश्न शेवटच्या दिवशी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी ग्रुपवरून विचारले, आणि त्या तिन्ही वेळच्या उत्तरांच्या टक्केवारी शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणत्या सत्रात लॅपटॉप उघडणे उपयोगी पडले आणि कोणत्या सत्रात तो मिटलेला असता तर बरे झाले असते, हे आयोजकांना पुढच्या वर्गाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी कळते.